जागल्या आणि चौथा स्तंभ

वृत्तपत्रे म्हणजे लोकशाहीचा चौथा स्तंभ, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. परंतु स्तंभ बोलत नाही. मला जागल्याची उपमा अधिक जवळची वाटते. माझे आजोबा गावचे जागले होते. जागल्याने चोर पकडलाच पाहिजे, अशी गावाची अपेक्षा नसे. मात्र चोर आल्याची वर्दी त्याने वेळेवर द्यावी आणि खोटी आरोळी ठोकून गावाची झोप मोडू नये, या दोन्ही गोष्टी अपेक्षित असत.

हे काम अवघड केव्हा होते? ‘मीच खऱ्या जनतेचा आवाज, बाकी सारे तिचे शत्रू’ असे एखादा पुढारी म्हणू लागला, म्हणजे. अतिउजव्या लोकानुरंजनी पक्षांची रीत हीच. निर्वासित, परधर्मीय यांच्याविषयी भीती जागवायची आणि प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारालाही शत्रूंच्या यादीत बसवायचे. मग पत्रकाराची टीका हाच त्या पुढाऱ्याच्या म्हणण्याचा पुरावा ठरतो! गप्प बसावे तर कर्तव्यात कसूर, आणि प्रत्येक चिथावणीवर ओरडावे तर त्याचीच फुकट जाहिरात.

ऑस्ट्रिया देशाचे उदाहरण घेऊ. तेथील फ्रीडम पार्टी हा पक्ष १९५६ साली स्थापन झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तो सरकारात सहभागी झाला व त्याचे नेते हाइन्त्स-क्रिस्टियान श्त्राखे उपपंतप्रधान झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्त्राखे यांनी फेसबुकवर सार्वजनिक दूरचित्रवाणीची व तिचे निवेदक आर्मिन वोल्फ यांची खोटारडे म्हणून संभावना केली. वोल्फ न्यायालयात गेले. श्त्राखे यांना जाहीर माफी मागून १० हजार युरो द्यावे लागले. त्याच वर्षी, पक्षाच्या ताब्यात असलेल्या गृहखात्यातून पोलिसांना एक पत्र गेले : टीका करणाऱ्या काही वृत्तपत्रांना आवश्यक तेवढीच माहिती द्यावी! ते पत्रही पत्रकारांनी उघडकीस आणले.

१७ मे २०१९ रोजी ‘डेर श्पीगेल’ व ‘ज्यूडडॉइचे त्साइटुंग’ या जर्मन नियतकालिकांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. इबिझा बेटावर २०१७ साली ती गुप्तपणे घेतलेली होती. रशियन धनिकाची नातेवाईक म्हणवणाऱ्या एका स्त्रीला श्त्राखे सरकारी कंत्राटांचे आमिष दाखवीत होते. ‘क्रोनेन त्साइटुंग’ हे मोठे दैनिक तिने विकत घ्यावे आणि पक्षाला साहाय्य करावे, अशी बोलणी चालली होती. पहारेकरीच विकत घेण्याचा हा बेत!

येथे पत्रकारांची रीत पाहण्याजोगी आहे. चित्रफीत त्यांनी स्वतः तयार केली नव्हती, म्हणून ती खरी आहे की नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घेतले. कित्येक तासांच्या चित्रणातील सार्वजनिक हिताची काही मिनिटेच दाखवली. खाजगी गप्पा वगळल्या. दुसऱ्याच दिवशी श्त्राखे यांनी राजीनामा दिला. सरकार कोसळले. सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्षाची मते सुमारे २६ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली.

गोष्ट येथे संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत तोच पक्ष, नव्या नेतृत्वाखाली, सुमारे २९ टक्के मते मिळवून पहिल्या क्रमांकावर आला. मार्च २०२५ मध्ये इतर तीन पक्षांनी मिळून सरकार बनवले, म्हणून तो सत्तेबाहेर राहिला, इतकेच. मग पत्रकारांचा पहारा वाया गेला काय?

माझ्या मते, नाही. एखादा पक्ष हरावा म्हणून पत्रकार लिहू लागला, तर तो पत्रकार न राहता प्रतिपक्षाचा प्रचारक होतो. आणि ‘हे आपले शत्रूच आहेत’ हा आरोप खरा ठरतो. त्याचे काम पुराव्याने बोलणे, उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारणे आणि किती दाखवावे याचे तारतम्य ठेवणे. तटस्थता म्हणजे खऱ्याला आणि खोट्याला सारखीच जागा देणे नव्हे. आणि निर्भयता म्हणजे आरडाओरडाही नव्हे.

निवाडा मात्र मतदाराचा. ज्यांच्या घरात माझ्याप्रमाणे पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्यांना याचे मोल अधिक आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी काहीही सांगावे आणि त्यांनी ते मान्य करावे, असे दिवस फार लांब गेलेले नाहीत. म्हणून, बातमी वाचताना ‘ही माझ्या आवडीची आहे का?’ असे न विचारता ‘हिला पुरावा काय?’ असे विचारण्याची सवय आपणच प्रथम लावून घेतली पाहिजे.