टेक प्रॉडक्टचं मार्केटिंग करायचंय? मग एमबीए कुठून?

फायनल इयर जवळ आलं की होस्टेलवर तीनच गट पडतात: गेटवाले, एमपीएससीवाले आणि 'एमबीए करू ना बे' वाले. तिसऱ्या गटाला विचारा, कशात? उत्तर येतं, मार्केटिंग. टेक प्रॉडक्टच्या मार्केटिंगमध्ये नेमकं काय करतात, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. सॉफ्टवेअर कुणासाठी आहे, किंमत किती ठेवायची आणि ते गिऱ्हाईकाला कोणत्या शब्दांत समजवायचं, हे ठरवायचं काम ते.

पुण्याच्या क्विक हीलचंच बघा. कैलाश काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. धाकटे भाऊ संजय यांनी १९९०च्या दशकात अँटीव्हायरस लिहिला. तो विकला कुणी? गावोगावच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्यांनी! व्हायरस शिरला की माणूस पहिले त्याच्याकडेच पळतो. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. कैलाश काटकरांजवळ एमबीए नव्हतं बरं का.

मग आपण लाखोंचं कर्ज कायले काढायचं? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी: कॅम्पसवर कोणती कंपनी कोणत्या पोस्टसाठी येते. म्हणून रँकिंग आणि सरासरी पॅकेज बाजूला ठेवा. 'प्रॉडक्ट' नाव असलेल्या पोस्टवर मागच्या बॅचचे किती जण गेले, हे तिथल्या सिनिअर्सना थेट विचारा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

आयआयएम नागपूर २०१५ ला सुरू झालं, अमरावतीहून जेमतेम दीडशे किलोमीटर. मुंबईचं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. त्याची जुनी ओळख ऑपरेशन्सची, त्यामुळे मार्केटिंगचं तिथे खोदून विचारा. जमनालाल बजाजला राज्याच्या सीईटीतून जाता येतं, घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी तेच बघा. अहमदाबादचं मायका मार्केटिंगसाठीच ओळखलं जातं, पण त्याची वेगळी परीक्षा असते. अमरावती विद्यापीठातही एमबीए आहे. घरचं जेवण, कमी खर्च. पण प्रॉडक्ट कंपन्या बसल्या आहेत पुण्या-बंगळुरूला.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटाला असते. त्याआधी एकदा अकोल्याच्या कॉटन मार्केटला जा. २०१७ ला जीएसटी आल्यावर अडत दुकानातल्या मुनीमजींना हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणी शिकवलं, ते कुठे अडले, हे विचारा. इंटरव्ह्यूत पुस्तकातल्या चार 'पी' सगळेच सांगतात, मुनीमजींचं कुणी सांगत नाही.