सूर्यामागे फिरणारी प्लेट आणि बुरोंडीची वेळ



आपली मुले विज्ञान प्रदर्शनासाठी, पुढे डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी सूर्याबरोबर फिरणारी सोलर प्लेट तयार करतात. प्रदर्शनात ती छान फिरते. परंतु तीच प्लेट महिनाभर छपरावर ठेवली, तर ती सूर्याकडेच तोंड करून राहील याची खात्री नसते. पुष्कळदा दोष मोटारीचा नसून घड्याळाचा असतो. याकरिता हा लेख.

प्लेट फिरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रकाश मोजून उजेडाच्या दिशेने वळवणे. ढगाळ हवेत असे यंत्र गोंधळते आणि पावसाळ्यात आपल्याकडे ढग दिवसचे दिवस हटत नाहीत. दुसरा मार्ग घड्याळाचा. सूर्य तासाला १५ अंश, म्हणजे ४ मिनिटांत १ अंश सरकतो. वेळ ठाऊक असली की ढगाआडचा सूर्यही कोठे आहे ते सांगता येते. हे काम मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक करतो.

परंतु हा संगणक वेळ पाळण्यात कच्चा असतो. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डावर ठोके देणारा जो भाग असतो, त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ७ मिनिटे. रोज ४ मिनिटे जरी चुकली तरी महिन्यात २ तास, म्हणजे ३० अंश! दुसरे असे की, त्यातील मिलिसेकंदांची मोजणी ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येते. तिसरी अडचण वीज जाण्याची. वीज गेली की त्याची वेळ पुसली जाते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही.

यावर उपाय म्हणजे वेळेची वेगळी चिप. तिच्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो. तोच एक सेकंद. डीएस ३२३१ ही चिप तापमान पाहून स्वतःला सुधारते, त्यामुळे वर्षाला सुमारे एका मिनिटाचाच फरक पडतो. सोबतच्या बटन सेलवर ती वीज नसतानाही चालू राहते. खाऱ्या हवेने सेलचे टोक गंजते, म्हणून ती बंद डबीत, सावलीत ठेवावी.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले. कारण मनगटावरची वेळ बुरोंडीची नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. आपले गाव ७३.१ अंशांच्या आसपास आहे. अंशाला ४ मिनिटे धरल्यास आपला सूर्य सुमारे ३८ मिनिटे मागे पडतो. प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असणारी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती, ती याच फरकामुळे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्याने सूर्य फेब्रुवारीच्या मध्यास आणखी १४ मिनिटे मागे, तर नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे असतो.

उदाहरण घेऊ. १५ फेब्रुवारी, दुपारचे ३. त्यातून ३८ आणि १४, म्हणजे ५२ मिनिटे वजा करा. सूर्याची वेळ २ वाजून ८ मिनिटे. मध्यान्हीपासून १२८ मिनिटे. ४ ने भागल्यास ३२ अंश. वजाबाकी विसरल्यास प्लेट ४५ अंशांवर जाईल. १३ अंशांच्या या चुकीने सपाट प्लेटचे नुकसान अडीच टक्केच होते, पण ३० अंशांना ते १३ टक्के होते. आरशाच्या सूर्यचुलीत तर किरण भांड्यावर पडणारच नाहीत.

खात्री करून पाहायची असल्यास अंगणात ओळंब्याने सरळ काठी रोवा. सर्वांत आखूड सावली १५ फेब्रुवारीस १२ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास, तर ३ नोव्हेंबरला १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास पडेल. प्रकल्पाच्या वहीत हा आकडा मुलांनी स्वतः मोजून लिहावा. पुस्तकातील सूत्र आपल्या गावाला लावून पाहणे, हेच खरे विज्ञान होय.