फाइलच्या मानकात काय असावे? एक जुना वाद आणि आपली हिशेबवही

पनवेलच्या बाजारपेठेत आज लाकडाच्या वखारीपासून बेकरीपर्यंत अनेक ठिकाणी उधारीची वही आणि संगणक शेजारी-शेजारी नांदतात. वही उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. संगणकातला हिशेब मात्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला, बहुधा त्याच्याच मर्जीने उघडतो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. सहा वर्षांत संगणक बदलतो, हिशेब लिहिणारा मुलगा नोकरी सोडून जातो, सॉफ्टवेअरचीही नवी आवृत्ती येते. मग जुनी फाइल उघडणार कशी? २००७-०८ साली याच प्रश्नावर जगभर मोठा वाद झाला आणि आपल्या देशाने त्यात स्पष्ट बाजू घेतली.

गॅरेजवाल्या बांधवांना ही गोष्ट लवकर समजेल. नट एका कारखान्याचा आणि बोल्ट दुसऱ्या कारखान्याचा असला तरी आटे ठरलेल्या मापाचे असतील तर दोन्ही बसतात. फाइलचेही तसेच आहे. अक्षर, रक्कम, तारीख, रकान्याची बेरीज हे सारे फाइलमध्ये कसे लिहायचे याचे माप जाहीर असेल, तर कोणीही ती उघडणारे सॉफ्टवेअर तयार करू शकतो. पूर्वी वर्ड आणि एक्सेलच्या फायलींचे माप मायक्रोसॉफ्ट कंपनीपाशी होते.

२००६ साली ‘ओडीएफ’ या खुल्या साच्याला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची मान्यता मिळाली. मायक्रोसॉफ्टनेही आपला ‘ओओएक्सएमएल’ हा साचा पुढे आणला. त्याचा मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो नापास झाला, फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला दुरुस्त्यांची बैठक झाली आणि त्यानंतर तो मंजूर झाला. भारतीय मानक ब्युरोने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपीलही केले, पण ते फेटाळले गेले.

पानांची संख्या हे वादाचे खरे कारण नव्हे. मानकाची हद्द कुठवर असावी, हा मूळ मुद्दा होता. मायक्रोसॉफ्टच्या बाजूचे म्हणणे असे की, जगात अब्जावधी जुन्या फायली आहेत, त्यांच्यातील सर्व खोडींसह त्या नव्या साच्यात उतरल्या पाहिजेत. विरोधक विचारत होते की, जुन्या खोडी मानकात का लिहायच्या?

एक उदाहरण पाहा. सन १९०० हे लीप वर्ष नव्हते. १०० ने भाग जाणाऱ्या सनाला ४०० नेही भाग जावा लागतो, तरच ते लीप ठरते. पण लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरने १९०० लीप धरले आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलनेही तो हिशेब तसाच ठेवला. म्हणजे कधीही न उगवलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख एक्सेलमध्ये आहे! आपल्या बिलाच्या व्याजात त्याने एका दिवसाचाही फरक पडत नाही. परंतु चुकीची तारीख मानकाचा भाग व्हावी काय? शिवाय मसुद्यात काही ठिकाणी ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा’ अशा अर्थाच्या सूचना होत्या, पण वर्ड ९५ कसे अंतर सोडते हे लिहिलेले नव्हते. ‘उस्ताद करतो तसे कर’ एवढे सांगून नवख्याला कारागिरी येत नाही.

मात्र ओडीएफचाही पदर स्वच्छ नव्हता. त्याच्या पहिल्या आवृत्तीत हिशेबाच्या तक्त्यातील सूत्रे कशी लिहायची, हेच ठरवलेले नव्हते. बेरीज-टक्केवारीशिवाय तक्ता व्यापाऱ्याच्या काय कामाचा? ही उणीव २०११ च्या १.२ आवृत्तीत भरून निघाली. म्हणून आम्हाला वाटते की हद्द फार मोठी असणे जसे वाईट, तशी ती अपुरी असणेही वाईट. जुन्या फायली सांभाळण्याचा आग्रह चुकीचा नव्हता. त्या कशा वाचायच्या हे पूर्ण न सांगणे चुकीचे होते.

अखेर ओओएक्सएमएलचे दोन भाग झाले, एक कडक आणि दुसरा जुन्या खोडी चालवून घेणारा. एक्सेल आजही नेहमीच्या पद्धतीने फाइल साठवते ती दुसऱ्या प्रकारात.

एक गोष्ट मात्र दोन्ही मानकांच्या हद्दीबाहेर राहिली आणि आपल्या छापखान्यांना तीच जास्त नडते. निकाहाची पत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर फाइलच्या आत खरे मराठी नसतेच. रोमन अक्षरेच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वधूच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. पनवेलच्या एका छापखान्यात आम्ही असा चिवडा डोळ्यांनी पाहिला आहे, आणि पत्रिका दुसऱ्या दिवशी वाटायच्या होत्या. साचा कितीही खुला असला तरी इथे काही करू शकत नाही. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप केला पाहिजे. केंद्र सरकारने २००९ साली आपल्या ई-कारभारासाठी युनिकोड हेच मानक ठरवले आहे. छपाईला देताना फॉन्टसह पीडीएफ करून द्यावी, पण मूळ फाइलही जपावी, कारण पीडीएफमध्ये दुरुस्ती करणे जिकिरीचे असते.

हिशेबाची परीक्षा घरच्या घरी होते. वर्षाचा हिशेब बंद केला की एक्सेलच्या फाइलची नक्कल काढा आणि ती फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडा. शेवटची बेरीज, एखादी जुनी तारीख आणि मराठीत लिहिलेली दोन-चार गिऱ्हाइकांची नावे मूळ फाइलशी ताडून बघा. फरक निघाला तर तो आजच दुरुस्त करता येईल, कारण हिशेब लिहिणारा मुलगा अजून दुकानात आहे.