पंख्याची दुसरी किंमत

श्रोतेहो, वैशाखांतील दुपारीं पूर्णा जंक्शनावर गाडींतून उतरणाऱ्या माणसास विजेच्या पंख्याची महती सांगावी लागत नाहीं. आपल्या परभणी जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि मग विजेच्या सामानाच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकूं येतो : "पंखा केवढ्याला?" दुकानदार किंमत सांगतो, गिऱ्हाईक घासाघीस करतें आणि पंखा घरीं नेतें. परंतु त्या पंख्याला आणखी एक किंमत असते. ती दुकानांत सहसा कोणी विचारीत नाहीं. ती पुढें दरमहा विजेच्या बिलांतून वसूल होते. त्या दुसऱ्या किमतीविषयीं, आणि ती उघड करण्यासाठीं झालेल्या कायद्याविषयीं, मी आज बोलणार आहें.

प्रथम हिशेब पाहूं. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. रोज १२ तास याप्रमाणें वर्षांतून ३०० दिवस तो फिरला, तर २७० युनिट वीज खर्च होते. हल्लीं मिळणारा बीएलडीसी जातीचा पंखा जवळजवळ तितकाच वारा सुमारें ३० वॅटांत देतो. त्याला तेवढ्याच काळांत १०८ युनिट पुरतात. बचत झाली १६२ युनिटांची. युनिटाचा दर ८ रुपये धरला, तर वर्षाकाठीं १,२९६ रुपये वांचले. दोन पंख्यांच्या किमतींत दीड हजार रुपयांचें अंतर असलें, तरी तें चौदा महिन्यांत भरून निघतें. पुढील सर्व वर्षें नफ्याचीं.

मग लोक स्वस्त पंखाच कां घेतात? ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. कापडाचा पोत हाताला कळतो, ज्वारीचा दाणा दांताखालीं पारखतां येतो. यंत्राची विजेची भूक मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. शिवाय पुष्कळदां वस्तु घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असतो. भाड्याच्या खोलींत पंखा लावतो घरमालक. बिल येतें भाडेकरूच्या नांवें. अशा ठिकाणीं बाजार आपोआप सुधारत नाहीं, आणि म्हणूनच सरकारला मध्यें पडावें लागतें.

आपल्या देशांत त्यासाठीं २००१ सालीं ऊर्जा संवर्धन अधिनियम झाला आणि १ मार्च २००२ रोजीं ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. तिनें २००६ मध्यें एक ते पांच तारकांची पट्टी सुरू केली. आरंभीं ती ऐच्छिक होती. २०१० पासून नळीदिवे, दंव न धरणारे फ्रिज आणि खोलीचीं वातानुकूलन यंत्रें यांना ती सक्तीची झाली. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून. तारकांचे निकष वेळोवेळीं कडक केले जातात, म्हणून पट्टीवरील सालही पाहावें. जुन्या सालच्या पांच तारका आजच्या पांच तारकांइतक्या असतीलच असें नाहीं. फ्रिज घेतांना नुसत्या तारका मोजूं नयेत. तारका आकारमान लक्षांत घेऊन दिलेल्या असतात. पांच तारकांचा मोठा फ्रिज तीन तारकांच्या लहान फ्रिजपेक्षां अधिक वीज घेऊं शकतो. पट्टीवर वर्षाच्या युनिटांचा आंकडा असतो, तोच खरा.

या कायद्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. रोजंदारीवरील कुटुंबानें चौदा महिन्यांनंतरचा नफा कसा पाहावा? त्याला आज पंखा हवा आहे आणि खिशांत पैसे मोजके आहेत. याचें उत्तर एलईडी दिव्यांनीं दिलें आहे. सरकारी घाऊक खरेदींत अशा दिव्याचा दर २०१४ मध्यें सुमारें ३१० रुपये होता. तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांच्या आसपास उतरला. केवळ नियम करून भागत नाहीं. चांगली वस्तु गरिबाच्या आंवाक्यांत आणणें हा त्या नियमाचाच उत्तरार्ध आहे.

हा प्रश्न एका घराच्या बिलापुरता नाहीं. परभणीहून रेल्वेनें परळीस जा. तेथें औष्णिक विद्युत्केंद्र आहे. कोळशाची वीज करण्यास पाणी लागतें. २०१३ मध्यें आणि पुन्हां २०१५ मध्यें पाण्याअभावीं तेथील वीजनिर्मिति बंद ठेवावी लागली. ज्या मराठवाड्यानें टँकरमागें घागरी घेऊन धांवणें पाहिलें आहे, त्याला वांचलेल्या युनिटाबरोबर पाणीही वांचतें हें निराळें सांगणें नको.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या खेपेस दुकानांत गेलांत म्हणजे "केवढ्याला?" हें अवश्य विचारा, पण त्याच दमांत "आणि वीज किती खातो?" हेंही विचारा. पट्टी लावणें कायद्यानें सक्तीचें केलें आहे. ती वाचणें मात्र आपल्याच हातीं आहे.