काच केवढी घ्यावी?

कोलोरॅडोत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्यानं परवा फोनवर विचारलं, ‘मामा, लांबच्या शिकारीसाठी रायफलवर कुठली दुर्बीण बसवू?’ आमच्या माणिकपूरच्या घरात बंदूक आली ती फक्त दिवाळीत, टिकल्यांची. पण वसई-नायगावच्या मिठागरांवर वर्षानुवर्षं पक्षी पाहत हिंडणाऱ्या मामाला काचेतलं कळत असणार, असा त्याचा हिशेब. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा छंद संपवला, आणि बरंच झालं. काचेचं शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच.

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ‘किती पट?’ हा असतो. तिथंच फसगत होते. दुर्बिणीवर ‘३-९×४०’ लिहिलेलं असतं, म्हणजे तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. आता ४० ला पटीनं भागा. चौपटीला डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत १० मिलिमीटर रुंद, नऊपटीला जेमतेम साडेचार. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी कमी. हरणं चरायला निघतात ती नेमकी पहाटे आणि सांजवेळी. अशा वेळी पट वाढवली की चित्र मोठं होतं आणि काळवंडतं. शिवाय दिसणारा प्रदेश आक्रसतो. झाडामागून निघालेलं जनावर शोधण्यातच वेळ जातो.

मार्चमधल्या दुपारी मिठागरावर साठपट दुर्बीण लावून पाहा. बांधावरचा पाणटिवळा तापलेल्या हवेत असा लिबलिबतो की चोच सरळ की वाकडी, सांगता येत नाही. काच कितीही महाग असो, मधली हवा काही तिच्या हातात नसते.

रायफलवरच्या काचेला दोन गोष्टी अधिक लागतात. बार उडाल्यावर रायफल मागे धक्का देते, म्हणून डोळा आणि काच यांत साडेतीन-चार इंचांची मोकळीक हवी, नाहीतर भुवई फुटते. दुसरी गोष्ट नेम सरकवण्याच्या चकत्यांची. कोनाचं एक मिनिट १०० यार्डांवर इंचभर भरतं, तर ३०० यार्डांवर तीन इंच. चकती वर, उजवीकडे, खाली, डावीकडे तेवढीच फिरवून नेम मूळ जागी परत येतो का, हे चांदमारीच्या मैदानावर तपासावं. येत नसेल तर बाकीचे गुण काय कामाचे?

माणसानं नुसत्या डोळ्यांनी काय साधावं, याला मात्र मर्यादा नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, आणि दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. पण कागदी लक्ष्य हलत नाही.

हरीण हलतं. १०० यार्डांवर नेम बसवलेल्या .३०८ रायफलची गोळी ३०० यार्डांवर फूटभराहून जास्त खाली येते, आणि तिथं पोचायला तिला चार-दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. काळजाच्या जागी धरलेला नेम पोटात बसतो आणि ते मैलभर धावून कुठंतरी झुडपात तडफडतं. दुर्बिणीतून जवळ दिसलं म्हणून ते जवळ आलेलं नसतं. भाच्याला मी म्हटलं, ‘बाबा, आधी तुझं अंतर ठरव. मैदानावर दहाच्या दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत जिथवर बसतात, तिथवरच तुझा हक्क.’

सलीम अली यांची कथा आपल्याला पाठ आहे. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत चौकशीला गेले. भारतीय पक्षिशास्त्राच्या एका मोठ्या आयुष्याची सुरुवात तिथं झाली.

भाच्यानं अखेर साधी ३-९×४० घेतली. वर मी त्याला ८×४२ची हातातली दुर्बीण घ्यायला लावली. झुडपात काय हललं हे रायफलच्या काचेतून कधी न्याहाळू नये. ते हरीण नसून माणूस निघाला तर आपण नळी त्याच्यावर रोखलेली असते. हातातली दुर्बीण गळ्यात, रायफल खांद्यावर. पुढच्या डिसेंबरात तो वसईला येतोय, तेव्हा फक्त पहिली बरोबर आणायला सांगितलं आहे.