औषध शिरेतून, मदत आतड्यातून?

शिकागो विद्यापीठात थॉमस गजेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत दोन पुरवठादारांकडून उंदीर येत. वाण एकच, पण मेलॅनोमाच्या पेशी टोचल्या की एकीकडच्या उंदरांत गाठ झपाट्याने वाढे, दुसरीकडच्यांत सावकाश. दोघांना आधी काही आठवडे एकाच पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा हा फरक उरला नाही. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. त्यामुळे संशय आतड्यातल्या जिवाणूंवर गेला. बायफिडोबॅक्टेरियम पाजल्यावर गाठीची वाढ मंदावली; जोडीला इम्युनोथेरपीचे औषध दिल्यावर ती जवळपास थांबली. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्या रोगप्रतिकारक टी-पेशींवर पीडी-१ नावाचे प्रथिन ब्रेकसारखे काम करते आणि कर्करोग नेमका तोच ब्रेक दाबून धरतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे तो सोडवतात. काही रुग्ण त्यामुळे वर्षानुवर्षे जगतात, तर अनेकांना काहीच गुण येत नाही.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात जेनिफर वॉर्गो यांच्या गटाला २०१८ मध्ये आढळले, की गुण आलेल्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती. पण हे कारण की योगायोग? २०२१ मध्ये पिट्सबर्ग आणि इस्रायलमधील डॉक्टरांनी थेट विष्ठारोपण करून पाहिले. औषध निष्फळ ठरलेल्या रुग्णांना गुण आलेल्यांची विष्ठा दिली आणि औषध पुन्हा सुरू केले. पिट्सबर्गमध्ये १५ पैकी ६, तर इस्रायलमध्ये १० पैकी ३ रुग्णांना फायदा झाला. आकडे छोटे, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. तरी हरलेला डाव काहींच्या बाबतीत फिरला, हे खरे.

अडचण अशी, की उपकारक जिवाणूंच्या याद्या प्रत्येक अभ्यासात वेगळ्या निघतात. त्यामुळे एखादा जिवाणू गोळीत भरून विकणे घाईचे ठरेल. वॉर्गो यांच्याच गटाने १२८ मेलॅनोमा रुग्णांचा आहार तपासला, तेव्हा पुरेसा तंतुमय आहार घेणारे आणि प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंचे पूरक) न घेणारे रुग्ण सर्वांत बरे राहिले. उंदरांत तर बाजारातल्या प्रोबायोटिकमुळे उपचाराचा परिणाम घटला.

म्हणून इम्युनोथेरपी घेणाऱ्यांनी प्रोबायोटिकची बाटली स्वतःहून आणू नये. पोटाला सोसत असतील तर डाळी, भाज्या, फळे, भरड धान्ये जरूर खावीत; आणि अँटिबायोटिक आतड्यातले जिवाणूही मारते, म्हणून ते सुरू करण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.