गॅस भरण्याआधी : जुन्या गाडीचा झोपलेला एसी



१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली जी पिढी या देशात आली, तिने सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेल्या गाड्या अजून काही घरांच्या गराजमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेल्या आहेत. कुणाची शेवरले, कुणाची ओल्डस्मोबिल, कुणाची ब्यूक. मुलं याच गाडीच्या मागच्या सीटवर वाढली, म्हणून ती विकवत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून इंजिन चालू केलं जातं. एसीचं बटण मात्र वर्षानुवर्षं कुणी दाबलेलं नसतं. मग जुलैत ऊन मी म्हणायला लागलं की त्याची आठवण होते, आणि बटण दाबलं तर येतो गरम वारा. त्यावर आपलं सर्वांचं उत्तर ठरलेलं : "गॅस संपला असेल, भरून घ्या."

आम्हाला या लेखात एवढंच सांगायचं आहे की गॅस भरणं ही या कामातली शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. क्रम उलटा केला की पैसे जातात, कॉम्प्रेसर जातो आणि वरच्या आकाशाचंही थोडं नुकसान होतं.

माठ आणि एसी

माठातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एसीचं तत्त्व हेच. फरक इतकाच की माठातली वाफ हवेत निघून जाते आणि गाडीतला गॅस बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग एका बारीक वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये तो उकळून थंडावा देतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडे.

म्हणजे हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळाला आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये एसी दिला, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचसुद्धा नव्हता. एसी बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. आपल्या गाड्यांत क्लच असतो आणि हवा तेव्हाच कॉम्प्रेसर फिरतो. सोय झाली, पण कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं न फिरवता ठेवण्याची मुभाही मिळाली.

नुसतं उभं राहून काय बिघडतं?

कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. एसी लावलाच नाही तर कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचं सील कोरडं पडतं आणि तिथून गॅस हळूहळू झिरपतो. सांध्यांतल्या रबरी रिंगा कडक होतात, होजला भेगा जातात. आत दमट हवा शिरली की तिथे आम्ल तयार होऊन धातू खायला लागतं. ओल शोषण्यासाठी ड्रायर नावाचा डबा असतो, पण भिजलेल्या स्पंजासारखा तोही कधीतरी भरतो. आणि गराजमधले उंदीर! हीटरच्या पेटीतली त्यांची घरटी आणि कुरतडलेल्या वायरी हे मेकॅनिकना नेहमी दिसणारं दृश्य आहे.

खिशाला हात न लावता करायच्या तपासण्या

इंजिन बंद ठेवून हूड, म्हणजे आपलं बॉनेट, उघडा.

१. कॉम्प्रेसरचा पट्टा भेगाळलाय का? क्लचची पुढची चकती हाताने फिरते का? अजिबात फिरत नसेल तर कॉम्प्रेसर जाम आहे. पुढचा खर्च मोठा आहे हे इथेच कळतं.

२. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का? गॅस दिसत नाही, पण जाताना तेल सोडून जातो. डाग तिथे गळती, असं समजायला हरकत नाही.

३. कंडेन्सरच्या जाळीत पानं, किडे, माती अडकली आहे का? हलक्या पाण्याने धुवा. जोरदार फवारा नको, पातळ पात्या वाकतात.

४. फ्यूज आणि पंखा तपासा. अनेक जुन्या गाड्यांत हवेच्या झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात. एक रबरी नळी निसटली तरी थंड हवा भलतीकडेच जाते. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर एसी ठणठणीत असूनही वारा गरमच येतो.

५. हूडखालचं लेबल वाचा. १९९० च्या आधीच्या गाडीत मुळात आर-१२ हा गॅस असणार. मध्ये कुणी बदलला असेल तर नवं लेबल आणि वेगळ्या आकाराची टोकं दिसायला हवीत.

गेज काय सांगतं?

यापुढे मेकॅनिक हवा. इंजिन बंद असताना गेज लावलं आणि दाब शून्य आला, तर गॅस पार गेलेला आहे. ७० अंश फॅरनहाइटच्या दिवशी ७० पीएसआयच्या आसपास दाब आला, तर आत थोडा तरी द्रव गॅस आहे. किती आहे, हे मात्र यातून कळत नाही.

गॅस कमी असला की पुष्कळ गाड्यांत क्लच लागतच नाही. ही बिघाडाची नव्हे, बचावाची योजना आहे. जनरल मोटर्सच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत तर गॅस कमी झाला की खास फ्यूज उडून कॉम्प्रेसर बंद होई. अशा वेळी वायर जोडून क्लच जबरदस्तीने लावू नका. गॅस नाही तर तेलही फिरत नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर स्वतःला खाऊन टाकतो. त्याचा लोखंडी चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो तो वेगळाच.

गळती शोधण्यासाठी कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. फुगे आले की सापडली. टायरची हवा भरू नये, तिच्यात ओल असते.

आर-१२ चा प्रश्न

मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिलं की या जातीचे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन थांबलं. जुन्या साठ्यातला किंवा शुद्ध करून घेतलेला आर-१२ वापरणं बेकायदा नाही, पण तो प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञालाच विकत मिळतो आणि महाग असतो. तो हवेत सोडून देणं मात्र गुन्हा आहे. म्हणून नळी सैल करून "जाऊ दे थोडा" असं करू नका. यंत्राने काढून घ्यायला सांगा.

दुसरा मार्ग आर-१३४ए चा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या गाड्या याच गॅसवर आल्या. पण दुकानातून डबा आणून जुन्या गॅसवर ओतला असं चालत नाही. आर-१२ बरोबरचं खनिज तेल आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही. जुना गॅस काढणं, नळ्या धुणं, रिंगा आणि ड्रायर बदलणं, योग्य तेल घालणं, नवी टोकं आणि लेबल लावणं, एवढं सगळं करावं लागतं. भरताना वजन मूळ आर-१२ च्या साधारण ८० ते ९० टक्के ठेवतात. सिग्नलला उभं असताना थंडावा थोडा कमी वाटेल, ते धरून चाला. प्रोपेनसारखे ज्वालाग्राही गॅस "तस्साच चालतो" म्हणून कुणी सुचवले तर साफ नाही म्हणा. आर-१२ च्या गाडीत ते भरणं बेकायदा आहे.

गॅस भरण्याआधीची एक पायरी घाईत गाळली जाते : व्हॅक्यूम. पंपाने आतली हवा ओढली आणि गेज २९ इंचांवर आलं की आतलं पाणी ७७ अंश फॅरनहाइटच्या सुमारासच उकळून निघून जातं. पंप निदान अर्धा तास चालवावा, मग बंद करून काटा हलतो का ते पाहावं. हलला तर गळती अजून आहे. डेन्वरसारख्या उंचावरच्या गावी काटा २४-२५ च्या पुढे जाणार नाही, तिथे घाबरू नये.

ठेवायची की द्यायची?

गाडी ठेवायची असेल तर दुरुस्तीनंतर दर दोन आठवड्यांनी दहा मिनिटं एसी लावा. हिवाळ्यातही, जरा उबदार दिवस पाहून. सील ओलं राहील आणि हा सगळा खर्च पुन्हा येणार नाही.

काही सभासद अशी गाडी धर्मादाय संस्थेला देण्याचा विचार करतात. छानच! पण देण्याआधी एसीवर मोठा खर्च करण्याची घाई नको. २००५ पासूनचा नियम असा की ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागितली आणि संस्थेने गाडी न वापरता, न सुधारता विकली, तर ती ज्या किमतीला विकली गेली तेवढीच वजावट मिळते. ती रक्कम संस्था फॉर्म १०९८-सी वर कळवते. एसीवर घातलेले पैसे त्या किमतीत भरून येतीलच असं नाही. बाकी तुमच्या सीपीएला विचारा. आम्हाला विचाराल तर दुरुस्तीचे ते पैसे थेट देणगीच्या पाकिटात घालणं बरं. ते पुरतेपणी कामी येतात.

गाडीबरोबर एक कागद मात्र जरूर द्या : आत कोणता गॅस आहे, ड्रायर कधी बदलला, एसी शेवटचा कधी चालला. घेणाऱ्याचे त्याने बरेच पैसे वाचतील आणि उरलासुरला आर-१२ कुणी नकळत हवेत सोडणार नाही. त्या कागदाला खर्च काहीच नाही, आणि तो लिहायला तुमच्याइतकं माहीतगार दुसरं कोणी नाही.